खालच्या ओळीतलं बोट

तोकुजी निशिमोरी या गृहस्थांनी आयुष्यात कुणाचंही ऐकलेलं नाही. बायकोचं नाही, गुडघ्यांच्या डॉक्टरांचं नाही, मैदानावर हाताला पिवळी पट्टी बांधून "खाली बसा, खाली बसा" करत फिरणाऱ्या स्वयंसेवकांचं तर नाहीच. एकदाच ऐकलं, आणि ते नेमकं माझं ऐकलं. त्याचा राग मला अजून येतो आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

निशिमोरी-सान एकाहत्तर वर्षांचे आहेत. स्टेशनसमोर त्यांचं धुलाईचं दुकान आहे. गावातले सूट, देवळातल्या पुजाऱ्यांचे झगे, हॉटेलातल्या चादरी आणि आमच्या शाळेच्या बेसबॉल संघाचे सामन्याचे कपडे त्यांच्याकडे जातात. सरावाचे कपडे आम्ही आया घरी घासतो, पण सामन्याचे त्यांच्याकडेच. आमच्या मैदानाची माती काळी आहे आणि ती घरच्या साबणाला दाद देत नाही. निशिमोरी-सान ती कशी काढतात ते त्यांनी त्यांच्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सुमिए-सान, म्हणजे त्यांची बायको, गल्ल्यावर बसतात आणि म्हणतात, "एवढं एक गुपित ठेवता येतं या माणसाला. बाकी सगळं तोंडातून सांडतं."

अकरा वर्षांपूर्वी बंदराजवळचा लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ बंद झाला, तेव्हा निशिमोरी-सानंनी तिथला कॅमेरा उचलून आणला. त्याचं भिंग हातभर लांब आहे. कॅमेरा जुना असल्यामुळे बटण दाबलं की तो आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो. लग्नात हे चालतं, नवरा-नवरी पळून जात नाहीत. बेसबॉलमध्ये तोवर चेंडू गेलेला असतो. पहिली दोन वर्षं त्यांनी निव्वळ रिकामी हवा, पंचांची पाठ आणि धुळीचा ढग यांचे फोटो काढले. मग त्यांना एक युक्ती सुचली. पिचर चेंडू टाकण्याआधी दोन्ही हात छातीशी एकत्र आणतो आणि क्षणभर पुतळ्यासारखा उभा राहतो. तेवढाच क्षण काढायचा.

"त्या वेळी मैदानात कुणीच हलत नाही," ते म्हणाले. "कॅमेऱ्यालाही झेपतं आणि मलाही."

उजव्या हाताचा पिचर त्या क्षणी तिसऱ्या बेसकडे तोंड करून उभा असतो. म्हणून निशिमोरी-सान कायम तिसऱ्या बेसच्या बाजूला बसतात. आमचा संघ पहिल्या बेसच्या बाजूला असला तरी हे समोरच्या शाळेच्या माणसांमध्ये घुसून बसतात, त्यांच्याच पंख्याने वारा घेतात, त्यांचाच बार्लीचा थंड चहा पितात. पहिली रांग हवी म्हणून सकाळी सहाला फाटकाशी उभे. कारण भिंग जाळीला टेकवलं की फोटोत जाळी दिसत नाही, आणि जाळीपर्यंत हात पोचतो तो पहिल्या रांगेतूनच. एकदा भिंग जाळीला टेकलं की मागच्यांना निशिमोरी-सानंच्या डोक्यावरच्या टॉवेलशिवाय काही दिसत नाही. कुणी ओरडलं की ते वळून वाकून माफी मागतात आणि त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा उभे राहतात.

त्यांना स्कोअर विचारण्यात अर्थ नसतो.

"निशिमोरी-सान, आधीच्या डावात काय झालं हो? मी पाणी आणायला गेले होते."

"मला काय माहीत? मी कुठे बघत होतो? मी काढत होतो."

माझा मुलगा इबुकी आमच्या शाळेचा पिचर. पाठीवर एक नंबर. त्याचे निशिमोरी-सानंनी काढलेले तीनशेच्यावर फोटो आमच्या घरात आहेत आणि एकातही त्याच्या हातातून चेंडू सुटलेला नाही. माझा नवरा जहाजाच्या कारखान्यात असतो, रविवारीच घरी येतो. तो ते फोटो चाळतो आणि विचारतो, "हा फेकतो ना पण कधीतरी?"

मी सामन्याला जाते ती फोटोसाठी नाही, मोजण्यासाठी. माझ्या खिशात बोटाने दाबायचं मोजणीयंत्र असतं. इबुकीने एक चेंडू टाकला की मी एकदा दाबते. शंभरच्या पुढे गेला की माझा स्वतःचा कोपर दुखायला लागतो. इतर आया याला हसतात. हसू देत. नळपाणी खात्यात अठरा वर्षं नोकरी केली आहे मी, जिथून गळणार असतं तिथे आधी ओल येते एवढं मला कळतं. इबुकी मोठ्या सामन्याच्या सकाळी उलटी करतो, पहिल्यापासून. आठवीत असताना सामन्याच्या आदल्या रात्री मी त्याला सहज म्हणाले होते, "चेंडू टाकताना तुझा डावा खांदा लवकर खाली जातो का रे?" दुसऱ्या दिवशी त्याला एकही चेंडू धड टाकता आला नाही. नेम चुकवून सहा जणांना फुकट बेस दिले आणि रडत बाहेर आला. तेव्हापासून मी सामन्याआधी त्याच्याशी फक्त जेवणाबद्दल बोलते.

तर फोटो. निशिमोरी-सान प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने लिहितात. डाव कितवा, त्या डावातला चेंडू कितवा, आणि चेंडू कोणता. पहिल्या दोन गोष्टी ते बोटांवर मोजतात. तिसरी त्यांना कळत नाही. म्हणून इबुकी सामन्याचे कपडे द्यायला गेला की ते त्याला स्टुलावर बसवतात, पुढे बर्फाचा गोळा ठेवतात आणि एकेक फोटो दाखवतात. "हा कोणता?" "सरळ." "हा?" "वळणारा." "हा?" "पडणारा." पिचरला स्वतःचे सगळे चेंडू आठवतात. काल काय जेवला ते आठवत नाही, पण तिसऱ्या डावातला नववा चेंडू आठवतो.

पडणारा चेंडू हे इबुकीचं सर्वस्व. सरळ येतो असं वाटत येतो आणि फलंदाजापाशी पोचता पोचता टेबलावरून घरंगळल्यासारखा खाली पडतो. फलंदाजाने फसून बॅट फिरवली तर तो आमच्या कामाचा, नुसता सोडून दिला तर वाया. त्याच्या जोरावर आमची साधी सरकारी शाळा या जुलैत प्रांताच्या स्पर्धेची दुसरी फेरी जिंकली. समोरचे तेरा वेळा हवेत बॅट फिरवून गेले. तिसऱ्या फेरीत शहरातली ती निळ्या टोपीची शाळा समोर येणार होती, जिथे सरावाला छप्पर असलेली जागा आहे आणि मुलं वसतिगृहात राहतात. हरलं की तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं बेसबॉल त्याच दिवशी संपतं. इबुकी तिसऱ्या वर्षाला. दहा वर्षं मी त्याचे मोजे घासले आहेत, ते या एका उन्हाळ्यासाठी.

सामना शुक्रवारी होता. गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येताना धुलाईच्या दुकानावरून आले आणि थांबले.

दुकानाला मोठी काच आहे. काचेमागे तीन तारा बांधल्या आहेत आणि त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवले आहेत. हे दर उन्हाळ्यात असतं. पण या वेळी काचेला नाक लावून एक मुलगी वहीत काहीतरी काढत होती. तिच्या पिशवीला निळी टोपी अडकवलेली होती. मी रस्ता ओलांडेपर्यंत तिने वही मिटली, काचेला, म्हणजे आतल्या माणसांना, कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्टेशनात शिरली.

मी आत गेले.

"ती कोण होती?"

"अहो, इबुकीची आई! या या," निशिमोरी-सान इस्त्रीमागून म्हणाले. "फार गुणी मुलगी. दुसऱ्या फेरीला माझ्या शेजारीच बसली होती ती मंडळी. उद्या आपल्याशी खेळणार ना, म्हणून बघायला आली होती. मी म्हटलं, इथे घामाघूम होऊन काय बघता, माझ्या दुकानात या, सगळं लावलेलं असतं."

"तुम्ही त्यांना बोलावलंत?"

"पत्ता दिला. तीन गाड्या बदलून आली हो बिचारी. चहा दिला. तिने विचारलं, हे फोटो तीन ओळींत का लावलेत?"

मी काचेपाशी गेले. खरंच, तीन ओळी. गेल्या वर्षापर्यंत फोटो तारखेप्रमाणे लागायचे.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"जे आहे ते. वरच्या तारेवर सरळ, मधल्या तारेवर वळणारे, खालच्या तारेवर पडणारे. या वर्षी मला सुचलं. शर्टात शर्ट, पँटीत पँट. चाळीस वर्षं वर्गवारी करतोय, फोटोंचाच पसारा का ठेवायचा?"

"वर्गवारी," सुमिए-सान गल्ल्यावरून म्हणाल्या. "घरात मोज्याला मोजा मिळत नाही."

मी खालच्या तारेवरचे फोटो बघायला लागले. चेहरा नाही बघितला. मी त्याचे हात बघते नेहमी, नखाला चीर पडली आहे का, फोड आला आहे का. इबुकीला ग्लोव्हमधून डाव्या हाताचं एक बोट बाहेर ठेवायची सवय आहे, पुष्कळ पिचरना असते. पहिल्या फोटोत ते बोट ग्लोव्हवरून उचललेलं होतं. दुसऱ्या फोटोत उचललेलं. तिसऱ्या, चौथ्या, शेवटपर्यंत, एकवीस फोटोंत ते बोट उभं होतं, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखं. मी मधली ओळ बघितली. बोट आडवं. वरची ओळ. बोट आडवं, ग्लोव्हला चिकटलेलं.

पडणाऱ्या चेंडूसाठी आत दोन बोटं फाकवून चेंडू धरावा लागतो. ग्लोव्ह फुगतो आणि बाहेरचं बोट उचललं जातं. चेंडू हातातून सुटायच्या कितीतरी आधी. जगात एकच माणूस फक्त तोच क्षण काढत होता, आणि त्याने ते सगळे क्षण धुऊन, इस्त्री करून, प्रकारवार लावून, समोरच्या शाळेला चहा पाजून दाखवले होते.

"निशिमोरी-सान," मी म्हणाले, "खालची ओळ बघा. बोट बघा."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. बघितलं. चष्मा पुन्हा खाली घेतला. पुन्हा बघितलं. इस्त्रीखालून वास यायला लागला तेव्हा सुमिए-सानंनी उठून ती बाजूला केली.

"अकरा वर्षं काढतोय," ते शेवटी म्हणाले, "आणि मला दिसलं नाही."

"तुम्हाला काय दिसतं? तुम्ही बघता कुठे, तुम्ही काढता!" माझा आवाज चढला होता. "आणि लावायचं होतंच तर तारखेने लावायचं होतं! चेहरे बघून लावायचं होतं! पाऊस-ऊन बघून लावायचं होतं!"

"त्या पोरीने निदान चहाचा पेला धुऊन ठेवला," सुमिए-सान म्हणाल्या. "तुम्हा मंडळींपैकी आजवर कुणी धुतला आहे का?"

इबुकीला हे का दिसलं नाही, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. रोज तर बघत होता तो फोटो. पण सतरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या फोटोत फक्त टोपीखालून केस कसे दिसतात ते बघतो.

निशिमोरी-सान बूट घालायला लागले. "शाळेत जातो. कोच असतील अजून. इबुकीला सांगतो, बोट आत घे म्हणून. एवढंच तर आहे."

मी दारात उभी राहिले.

"नाही सांगायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगायचं. आज सांगितलंत तर उद्या तो चेंडू टाकणार नाही, बोट टाकेल. प्रत्येक वेळी त्याचं लक्ष बोटाकडे जाईल. तुम्ही ओळखत नाही त्याला."

"लहानपणापासून ओळखतो की."

"मी त्याच्याही आधीपासून ओळखते! आठवीत काय झालं होतं ते तुम्हीच काढलं होतंत. तो रडताना."

"पण इबुकीची आई, त्यांना माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, हे बरं नाही."

"त्या मुलीने बोट पाहिलं की नाही कुणास ठाऊक. नुसतं चित्र काढत असेल. तुम्ही आधीच पुरेसं केलंत निशिमोरी-सान. हे फोटो काढून ठेवा आणि या एका गोष्टीत माझं ऐका. मला वचन द्या."

ते एका पायात बूट घालून उभे होते. सुमिए-सानंकडे बघितलं. त्या पावत्या लावत राहिल्या, आणि ते मी माझ्या बाजूने धरलं. मग निशिमोरी-सान खोल वाकले आणि म्हणाले, "दिलं."

घरी येऊन मी कटलेट तळलं. सामन्याच्या आदल्या रात्री ते खायचं असतं, आमच्याकडे त्याला कात्सु म्हणतात आणि कात्सु म्हणजे जिंकणंही, म्हणून. इबुकीने तीन खाल्ली. जेवणाच्या काड्या धरलेल्या त्याच्या हाताकडे मी बघत राहिले.

"काय बघतेस?"

"कोबी घे अजून."

दुसऱ्या दिवशी आम्हाला तिसऱ्या बेसची बाजू मिळाली होती. निशिमोरी-सान पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. इतर आयांनी एकसारखे शर्ट घालून मागे ढोल धरला होता. इबुकीची सकाळची उलटी झाली होती, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. मी स्वतःला तसंच सांगत होते.

पहिल्या डावात दोन चेंडू सरळ गेले, तिसरा पडणारा. फलंदाज हललासुद्धा नाही. चेंडू त्याच्या पुढ्यात मातीत पडला आणि तो बॅट खांद्यावर ठेवून कॅचरकडे बघत राहिला, बस चुकलेल्या माणसाकडे बघावं तसा. पुढचा फलंदाज, तेच. बोट वर, आणि फलंदाज स्वस्थ. बोट खाली, आणि तो बॅट घट्ट धरतो. सरळ चेंडूवर त्यांनी दोन सणसणीत फटके मारले. दोन धावा. दुसऱ्या डावात आणखी एक. तीन-शून्य. माझ्या यंत्रावर बावन्न.

मागच्या आया ओरडत होत्या, "इबुकी-कुन, धीर धर!" इबुकी दर वेळी टोपी काढून घाम पुसायचा आणि त्या पडणाऱ्या चेंडूकडे असा बघायचा, जसा काही चेंडूच फितूर झाला होता.

माझ्या बाजूने एकदाही बटणाचा आवाज आला नाही. मी वळून बघितलं. कॅमेरा निशिमोरी-सानंच्या मांडीवर होता, भिंगावर झाकण.

"काढत का नाही?"

"आज नाही," ते म्हणाले. "बघतोय." थोड्या वेळाने म्हणाले, "हा खेळ फार वेगात चालतो हो."

"जा," मी म्हणाले. "जा, सांगा कोचना."

"कसं जाणार? सामना सुरू झाला की स्टँडमधलं कुणी बाकाजवळ जाऊ शकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही कधीपासून नियम पाळायला लागलात!"

"आणि मी तुम्हाला वचन दिलंय."

एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा हा माणूस वचन पाळत होता, आणि तेही जाळीला नाक लावून, डोळ्यांत पाणी आणून. मला त्यांना तिथल्या तिथे ढकलून द्यावंसं वाटलं. स्वतःलाच, खरं म्हणजे.

तिसरा डाव कसाबसा गेला. चौथ्या डावाच्या सुरुवातीला कॅचर केइगोने पंचांकडून वेळ मागून घेतला आणि इबुकीकडे चालत गेला. केइगो म्हणजे भाताच्या पोत्यासारखा मुलगा, कमी बोलणारा. दोघांनी ग्लोव्ह तोंडासमोर धरले. मग केइगोने आपला हात उचलला आणि इबुकीच्या ग्लोव्हवर, बरोबर त्या बोटावर, माशी मारल्यासारखी एक चापट मारली.

इबुकीने स्वतःच्या हाताकडे बघितलं. आता संपलं, मला वाटलं, आता आठवीसारखं होणार.

इबुकी हसला. खांदे हलेपर्यंत हसला. मग त्याने बोट ग्लोव्हच्या आत सरकवलं, केइगो परत जाऊन बसला, आणि इबुकीने दोन्ही हात छातीशी आणले.

माझ्या शेजारी खट्ट झालं. त्या दिवसातला एकच फोटो.

पुढे त्यांचा सगळ्यात दांडगा फलंदाज हवेत बॅट फिरवून एका गुडघ्यावर आपटला. त्यानंतर त्यांना एकही धाव मिळाली नाही. एकही नाही, सहा डाव. सहाव्या डावात आमची एक धाव झाली, आठव्यात एक. नवव्यात दोन बाद, दोघे बेसवर, आणि आमच्या मुलाने मारलेला चेंडू उंच गेला, खूप उंच, आणि डावीकडच्या निळ्या टोपीच्या ग्लोव्हमध्ये शांतपणे उतरला. तीन-दोन. यंत्रावर एकशे एकतीस. त्यांच्या शाळेचं गीत वाजलं तेव्हा आमची मुलं रांगेत उभी राहून ऐकत होती, आणि निशिमोरी-सान डोक्यावरचा टॉवेल काढून निघून गेले.

रात्रीच्या जेवणाला मी इबुकीला सांगितलं. सांगायला हवंच होतं, नाहीतर सुमिए-सानंनी सांगितलं असतं.

तो म्हणाला, "त्यांचा तिसऱ्या बेसपाशी फलंदाजाला खुणा करायला उभा असलेला मुलगा सारखा माझ्या ग्लोव्हकडेच बघत होता. म्हणून केइगोनेही बघितलं." मग त्याने वाटी खाली ठेवली. "तुला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"म्हणजे जेवणाच्या आधी."

"हो."

"आणि तू मला कटलेट वाढलंस. आणि कोबी."

"सांगितलं असतं तर तू रात्रभर झोपला नसतास."

"नसतो झोपलो," तो म्हणाला. "पण त्या तीन धावा गेल्या नसत्या." त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आई, मी आठवीत नाही आहे."

दोन दिवस तो माझ्याशी मीठ आणि टॉवेल एवढ्यापुरतंच बोलला. शनिवारी माझी ऑफिसात पाळी होती, मी गळक्या पाइपांच्या तक्रारी नोंदवत होते आणि मनात बेरजा करत होते. तीन धावा आमच्या अंगावर पडल्या, त्या पहिल्या दोन डावांत. आम्ही केल्या दोन. हे गणित कसंही मांडलं तरी उत्तर माझ्यापाशीच येत होतं.

रविवारी एक नंबरचा शर्ट शेवटचा धुवायला द्यायचा होता. धुऊन तो शाळेला परत करायचा असतो, पुढच्या वर्षीच्या मुलासाठी. इबुकी स्वतःच घेऊन गेला. मी पाचेक मिनिटांनी मागून गेले, चादर द्यायची आहे असं निमित्त काढून. चादर धुतलेलीच होती.

काचेमागच्या तिन्ही तारा रिकाम्या होत्या. आत निशिमोरी-सान इबुकीसमोर जवळजवळ टेबलाएवढे वाकलेले होते.

"सगळी चूक माझी," ते म्हणत होते. "फोटो मी लावले, त्या मुलीला मी बोलावलं, आणि तुला सांगायचं ते मीच विसरलो. वय झालं."

"विसरला नाहीत!" मी दारातूनच म्हणाले. "मी सांगू दिलं नाही. मी त्याला सांगून टाकलंय. तुम्ही कशाला मध्ये खोटं बोलता?"

"तुम्ही आई आहात, तुम्ही घाबरणारच. लावले कुणी? मी लावले."

"अडवलं कुणी? मी अडवलं."

"चहा मी पाजला!"

"वचन मी घेतलं!"

"भांडायचं असेल तर दोघंही फुटपाथवर जा," सुमिए-सान म्हणाल्या. "इथे गिऱ्हाईक येतं. आणि ती चादर परत न्या, गेल्या आठवड्यातच मी इस्त्री केली आहे."

इबुकी स्टुलावर बसला होता. समोर बर्फाचा गोळा होता, म्हणजे माफी मागण्याआधी तो दिला गेला होता. तो आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, पिंगपाँगच्या सामन्याला बसल्यासारखा.

"झालं?" तो म्हणाला. "काका, फोटो कुठे आहे? शुक्रवारचा. एक काढला होतात ना, केइगोने सांगितलं."

निशिमोरी-सानंनी खणातून फोटो काढला. छातीशी दोन हात, तोंडावर अजून हसू, आणि ग्लोव्हवर बोट नाही. त्या फोटोत तो मला फार मोठा दिसला. टोपीखालून केस बाहेर आले होते, आणि त्याने ते बघितले नाहीत.

निशिमोरी-सानंनी फोटो उलटा केला. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, ४, १, आणि पुढे काहीच नाही. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, चिमटा हातात धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "हा कोणता?"

इबुकीने बर्फाचा घास घेतला. चघळला.

"नाही सांगणार."

"अरे! मग लावू कुठल्या तारेवर?"

"तेच तर कळायला नको."

निशिमोरी-सान चिमटा घेऊन उभेच राहिले. वरच्या तारेकडे बघितलं, खालच्या तारेकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातात असं काही आलं नव्हतं, जे कुठल्याच ढिगात जात नव्हतं.

"मला तरी सांग," मी म्हणाले.

"तुला?" तो म्हणाला, आणि शुक्रवारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुला तर मुळीच नाही."